अंबूचं अळणी आन माझी चौकशी

माणसाच्या तोंडाकडं बघून त्याच्या पोटात काय चाललंय ते वळखणारा माझ्यासारखा दुसरा अख्ख्या भवानी पेठेत न्हाई. माझ्या पोरीचं तोंड सुजलंय, हे मातर मला शेजारच्या रुक्माक्कानं सांगितलं.

मी गणू आचारी. गिरणीतली माणसं जेवत्यात त्या खानावळीत दोन्ही वेळची आमटी माझ्या हातची. लिहाया-वाचाया येत न्हाई. मी बोलतोय आन खानावळीत जेवणारं एक मास्तर लिहून घेत्यात. त्यांनी पयलंच सांगितलं, "गणू, तुझी भाषा मी सुधारणार नाही. त्याचा पगार शाळा देते, तू देत नाहीस." अंबूच्या दुखण्याचं सगळं सांग, असा त्यांनीच आग्रह केला. असलं दुखणं हितं बऱ्याच पोरांना हुतंय आन आई-बाप येड्यावानी करत्यात. येड्यावानी म्हणजे कसं, त्याचा नमुना मी हाय.

अंबू तवा सात वरसाची. तिच्या आईची आन माझी काडीमोड होऊन वरीस झालं हुतं. पंचांम्होरं काडी मोडली आन पारू पोरीला घेऊन भावाकडं कुंभारीला गेली. मी मारणारा न्हवतो, पिणारा न्हवतो. पर खानावळीत माणसं हसवायला मला रोज एक नवी गोष्ट लागायची, आन ती रोज पारूचीच असायची. तिच्या चालण्याची, तिच्या माहेराची, तिच्या घोरण्याची. साठ माणसं खदाखदा हसायची. एकसष्टावी आत चुलीम्होरं बसून त्यांच्यासाठीच भाकरी थापायची.

तर पोरगी रविवारची माझ्याकडं आलती. रुक्माक्का भिंतीवरनं म्हणाली, "गणूबा, पोरीच्या डोळ्याला काय झालंय रं? झाकल्यावानी दिसतेत."

मी म्हणलं, "मामाच्या घरचं तूप लागलंय, दुसरं काय!"

आन लाडानं अंबूचा गाल दाबला. बोट काढलं तर गालावर खड्डा तसाच. मळलेल्या पिठात बोट दाबल्यावर राहतोय तसा. पायाकडं बघितलं, तर चांदीचं वाळं मासात रुतलेलं. तवा माझं हसू गेलं.

*

सरकारी दवाखान्यात डाक्टरसाहेबांनी अंबूचं मूत काचेच्या नळीत घेतलं आन स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. बघता बघता नळीत पांढरं साकळलं, अंड्यातलं पांढरं शिजतंय तसं.

"मूत्रपिंडाचं दुखणं आहे," साहेब म्हणालं.

"ते कुटं असतंय?"

"कमरेच्या मागं. दोन असतात."

"मग एक तर बरं असंल की साहेब."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी टोपी काढून हातात घेतली. मग सावकाश सांगितलं. औषध ह्याला फार न्हाई. निजवून ठेवायचं, दूध द्यायचं आन मीठ बंद. "एक कणसुद्धा नाही. मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साचतं. ते छातीत गेलं तर मूल हाती लागत नाही."

मिठावरून सगळ्या मुलखात गोंधळ झाला, त्याच्या दुसऱ्या सालची ही गोष्ट. मोठी मोठी माणसं मिठापायी तुरुंगात जाऊन आलती. मी म्हणलं, "साहेब, माझी पोरगी सरकारच्या बाजूची झाली म्हणायची!" कुणी हसलं न्हाई. अंबूनं तेवढं इचारलं, "आप्पा, लोणचं तरी?"

मी आचारी. जन्मभर माणसांना मीठ घातलं. त्या दिवशी घरी जाऊन लोणच्याची बरणी रुक्माक्काला देऊन टाकली.

*

आता माझं डोकं कसं चालतंय बघा. दुखणं लागलं तवा पोरगी कुंभारीत. म्हणजे कुंभारीतच कुणीतरी लावलं. पारू रानात जात आसंल, पोरीकडं बघत नसंल. पारूचा भाऊ शिवाप्पा, ह्यो तर बैलाला जास्ती जपणारा. मी वकील गाठला आन कोर्टात अर्ज दिला, पोरगी माझ्या ताब्यात द्या म्हणून.

जज्जसाहेबांनी डाक्टरचा कागद वाचला आन हुकूम केला. पोरगी आईकडं राहील. रविवारी सकाळपास्नं दिवस मावळेपत्तोर बापाकडं. दोघांनीबी डाक्टरच्या सांगण्यापरमाणं मीठ बंद ठेवायचं, पंधरा दिवसाला दवाखान्यात दाखवायचं. जो मोडंल त्याच्याकडचं पोरीचं जाणं-येणं बंद.

तो कागद मी मास्तरांकडनं तीनदा वाचून घेतला. त्यात माझं नाव दोनदा हुतं आन पारूचं दोनदा. मला फकस्त तिचंच ऐकू आलं.

*

पयला महिना बरा गेला. शिवाप्पा रविवारी बैलगाडीतनं अंबूला आणून सोडायचा. मी तिला मांडीवर घेऊन अळणी वरण, गुळाची आमटी, लिंबू पिळलेला भात भरवायचो. ती दोन घास खाऊन म्हणायची, "आप्पा, ह्याला कायच लागत न्हाई." मी चमचा नाकाला लावायचो, कानाला लावायचो, आमटी बोलती का बघ म्हणायचो. ती हसायची आन तेवढ्यात एक घास आत जायचा. तेवढं एक मला चांगलं जमलं, ते आधीच सांगून टाकतो, फुडं असं काय सांगाया मिळणार न्हाई.

मग एका रविवारी डोळं परत झाकलेलं. मी गाडीजवळच शिवाप्पाला धरलं.

"पाव्हणं, काय घातलं तिला?"

"दाजी, काय न्हाई घातलं. घरात मीठच न्हाई."

"मीठ न्हाई असलं घर असतंय व्हय?"

"तुमची बायकु हाय न्हवं तिकडं, तिला इचारा."

"ती आता माझी बायकु कुटं?"

"मग जी काय असंल ती," असं म्हणून त्यानं बैल हाकलं.

माझ्या डोक्यात किडा शिरला तो तवा. मी अंबूच्या बोटांचा वास घेतला. नखं तपासली. परकराच्या शिवणीतनं चुरमुरं, शेंगा, काय खारं सापडतंय का बघितलं. शिवाप्पा थांबला असता तर त्याच्या मिशीचाबी वास घेतला असता. पोरीला इचारलं, "आई मीठ घालती का?" तर म्हणाली, "न्हाई." पोरगी आईचीच बाजू घेणार. मला पुरावा पायजे हुता.

आचाऱ्याजवळ काय असतंय? जीभ. आमी भांडणसुदिक जिभेनं मिटवतो. आमटी खारट झाली का अळणी, यावर खानावळीत वाद निघाला की मी दोन वाट्या फुड्यात ठेवतो आन म्हणतो, चाख आन सांग. माणूस खोटं बोलंल, जीभ बोलत न्हाई.

तर मी अंबूम्होरं तीन वाट्या आमटी ठेवली. एक साफ अळणी. एकात चिमूट. आन एकात गिरणीवाल्यांना लागतंय तसं, घामाची माणसं, जरा चढतं मीठ.

"सांग बाळ, आईच्या हातची आमटी ह्यातली कंची?"

अंबूनं तिन्हीत बोट बुडवून चोखलं. लई इचार केला. मग म्हणाली, "बोटानं कळंना आप्पा."

"मग घोट घे."

तिनं घोट घेतला. मग आणखीन एक. मग चिमटीच्या वाटीवर बोट ठेवलं. "ह्याच्या जरा फुडं."

मला जग जिंकल्यावानी झालं. सापडली चोर!

*

फुडच्या रविवारी मी मधल्या अंदाजाच्या वाट्या केल्या. जोखायचं तर नीट जोखाया पायजे. त्याच्या फुडच्या रविवारी पुन्हा. माझी पोरगी माझ्यासारखीच बारीक जिभेची निघाली म्हणून छाती फुगायची. "न्हाई आप्पा, ह्याच्यापरास जरा जास्ती हुतं," असं म्हणली की मी चिमूट वाढवायचो. हे सगळं मी मनात गाठी मारून ठेवत हुतो, कोर्टात सांगायला.

आन पोरगी फुगतच चालली. पोट ढोलावानी. डाक्टर पंधरा दिवसाला नळी तापवायचं आन मान हलवायचं. मी पारूकडं बघायचो. पारू माझ्याकडं बघायची. डाक्टर आमच्या दोघांकडं बघायचं.

एकदा दवाखान्याच्या पायरीवर पारू म्हणाली, "अंबूचं आप्पा, तुमच्याकडनं आली की सोमवारी तिचं डोळं उघडत न्हाईती. काय घालताय तिला?"

मी म्हणलं, "चोराच्या उलट्या बोंबा!"

ती अंबूला कडंवर घेऊन गाडीकडं गेली. ते पाठ फिरवणंबी मी पुराव्यात धरलं.

*

एका सोमवारी दुपारची भांडी पालथी घातली आन चालत कुंभारी गाठली. शिवाप्पाच्या घरामागं निवडुंगाचं कुंपण हाय, त्यात बसलो. मागलं दार सताड उघडं हुतं. कुठं कुठं काटं गेलं ते मास्तर लिहायला नको म्हणत्यात.

पारू सगळ्यांना वाढत हुती. शिवाप्पानं घास घेतला आन तोंड वाकडं केलं. "पारू, हे असलं खाऊन मी बैल झालो बघ."

"बैलच बरा. बैल मीठ मागत न्हाई."

"अगं, मी तिकडं भाईर बसून चटणी-मीठ खातो की. पोरीला दिसणार न्हाई."

"तुझ्या तोंडाचा वास येतोय तिला. मग रडती. न्हाई म्हणलं की न्हाई."

शेवंतीवानी पिवळी पडलेली अंबू वाकळंवर टेकून बसलेली. तीबी खात हुती, शिवाप्पाबी खात हुता, पारूबी खात हुती, एकाच भांड्यातलं. मी मान उंच करून कोनाडा बघितला, चूल बघितली, उतरंड बघितली. मिठाचं मडकं कुटंबी न्हाई.

शहाणा माणूस असता तर तितंच उठून पाया पडला असता. मी काय इचार केला? मीठ दिसत न्हाई, म्हणजे लपवलंय! मी येणार हे कुणीतरी सांगितलं असणार. मला रुक्माक्काचा संशय आला. तेवढ्यात कुत्रं भुंकलं आन पारू भाईर आली.

"निवडुंगात काय करताय?"

"काटं मोजतोय."

"किती झालं?"

मी उठून चालाया लागलो. मागनं शिवाप्पा वरडला, "दाजी, धोतर निवडुंगात ऱ्हायलंय अर्धं!" आन आत अंबू हसली. लई दिवसांनी हसली आसंल, कारण तिला त्यानं खोकला लागला आन तो थांबंना.

*

मी कोर्टात तक्रार दिली, पारूनं हुकूम मोडला म्हणून. तारीख पडली. तारखेच्या दोन दिवस आधी अंबूला धाप लागली. आडवं निजवलं की जीव गुदमरायचा. शिवाप्पानं बैल पळवत दवाखान्यात आणलं. डाक्टरांनी चार उशा लावून तिला बसती ठेवली आन म्हणालं, "पाणी छातीशी आलंय."

मी कोर्टात गेलो तो असा. पोरगी तिकडं उशांवर धापत, आन माझ्या डोक्यात एकच, आज पारूला उघडी पाडायची.

जज्जसाहेबांनी इचारलं, "पुरावा काय?"

"साहेब, माझ्या पोरीची जीभ."

"म्हणजे?"

मी छाती काढून सगळं सांगितलं. दर रविवारी तीन वाट्या, एक अळणी, दोन मिठाच्या. दर बारीला पोरगी मिठाच्या वाटीवर बोट ठेवती आन म्हणती, आईची आमटी अशी.

साहेबांनी चष्मा काढला. "त्या वाट्यांत मीठ असतं?"

"असतंय की साहेब! त्याबिगर कळणार कसं?"

"आणि ती किती चाखते?"

"पयलं बोट बुडवायची. आता बोटानं कळत न्हाई म्हणती. वाटीच तोंडाला लावती."

"तिन्ही?"

"अळणी तेवढी ठेवती, साहेब."

कुणीतरी फिसकन हसलं. मग मागं दोघं-तिघं हसली. मी माणसं हसवण्यात मुरलेला, पर हे हसू मी काढलेलं न्हवतं. ते कुणावर हाय हे बघायला मी वळलो. सगळी माझ्याकडंच बघत हुती. पारू हसत न्हवती. पदर दातात धरून भुईकडं बघत हुती.

तवा मला कळलं. मी कठडा धरला.

साहेब म्हणालं, "हुकूम मोडणारा शोधून द्या, असा तुमचाच अर्ज होता. सापडला." रविवार बंद. दवाखान्यात नर्सबाईसमोर बसायला परवानगी, खायला-प्यायला काय देणं बंद. वकील माझ्याकडं न बघता कागद गोळा करत हुता.

*

दवाखान्यात एकवीस दिवस गेलं. असल्या दुखण्याचं पोर घेऊन तितं बसणाऱ्यांनी हे ऐकावं. सकाळी नर्सबाई पोटाला फीत लावती. मग बाटलीत मूत मोजती. मग नळी आन दिवा. त्या तीन गोष्टींवर माझा दिवस उगवायचा का न्हाई ते ठरायचं. बाकीच्या वेळेला बसायचं. पोरीच्या धापंकडं कान लावून.

पारू खाटंखाली भुईवर बसायची. मी दाराजवळ. नर्सबाई मला आत सोडताना टोपी झाडायला लावायची, धोतराचा सोगा उघडून बघायची. पयल्या दिवशी मला राग आला. दुसऱ्या दिवशी मीच तिच्याम्होरं हात पसरून उभा राह्यलो. आचाऱ्याचा हात, कुटं नखात मीठ असंल सांगता येत न्हाई. नळाखाली तीन-तीनदा हात धुवायचो आन तरीबी अंबूला बोट लावायचं धाडस हुईना. आता माझा सगळा संशय माझ्यावरच आलता, आन आरोपी कुटंबी गेला तरी संगच.

अकराव्या सकाळी नर्सबाईनं बाटली उजेडात धरली आन म्हणाली, "आज दुप्पट." मला कळंना. ती म्हणाली, "अहो, पाणी उतरायला लागलं." पोरगी जास्ती मुतली म्हणून दवाखान्याच्या व्हरांड्यात नाचलेला बाप मी एकटाच आसंल. त्या दिवशी बाईनं मला दिव्यावर नळी धराया दिली. मी ती पार ज्योतीत घातली, तवा तिनं मनगट धरून वर घेतली.

अंबूचं डोळं उघडलं तवा मी जवळ जाऊन हळूच इचारलं. पारू ऐकत हुती, तरी इचारलं.

"बाळ, आईची आमटी कशी हुती गं?"

"अळणी."

"मग मिठाची वाटी का दावायचीस?"

तिनं मला पोरकट माणसाकडं बघावं तसं बघितलं. "अळणीवर बोट ठेवलं असतं तर तुमी फुडच्या रविवारी वाट्या केल्या असत्या का?"

म्हणजे मी आईची चौकशी करत हुतो आन पोरगी मला राबवत हुती. ती सात वरसाची, तिला मीठ पायजे हुतं. तिचं काय चुकलं न्हाई. मी चाळिशीचा, मला पारूला हरवायचं हुतं.

*

एकविसाव्या दिवशी नळी तापवली, तर आत पाणी ते पाणीच. दुखणं परत येऊ शकतंय, डाक्टरांनी सांगितलंय, जपा. पयल्यांदा महिन्याभरानं सूज आली ती कुणामुळं, हे मी त्यांना इचारलं. ते म्हणालं, कुणामुळंच नाही, हा आजारच असा उलटतो. एवढं आधी इचारलं असतं तर? पर इचारायचं म्हणजे उत्तर ऐकाया लागतंय. मला उत्तर आधीच ठाव हुतं न्हवं.

तुमच्या घरी असलं दुखणं असंल तर एवढंच सांगतो. पोर सुजलं की आधी सोबतीच्या माणसाकडं बोट दावू नका. डाक्टरला इचारा. आन पोराच्या तोंडात काय गेलं हे बघायचं असंल तर आपल्या हातापास्नं सुरवात करा.

चार महिन्यांनी कोर्टानं रविवार परत दिला. अट एकच, जेवण आईकडनं बांधून येणार, मी चूल पेटवायची न्हाई. पयल्या रविवारी शिवाप्पाच्या गाडीची वाट न बघता मीच कुंभारीला गेलो. मास्तरांनी शिकवलेली चार वाक्यं तोंडपाठ करून गेलो हुतो. दारात पारू भाकरीचं गठुडं बांधत हुती. वाक्यं सगळी इसरलो.

म्हणलं, "पारू, खानावळीत लोकांना हसवाया मी तुझं नाव घ्यायचो, ते चुकलं. कोर्टात वढलं, तेबी चुकलं. लई संशय घेतला तुझ्यावर."

ती गाठ मारत ऱ्हायली. शिवाप्पा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा. अंबू माझ्या बोटाला धरून. पारूनं गठुडं माझ्या हातात दिलं, अजून ऊन हुतं. आन काय सांगू, माझ्या तोंडातनं आपसूक निघून गेलं, "ह्यात मीठ न्हाई न्हवं?"

शिवाप्पानं कपाळावर हात मारला.

पारूनं तवा माझ्याकडं सरळ बघितलं. म्हणाली, "संशय घ्या की, कोण नको म्हणतंय? पोरीच्या ताटापास्नं लांब बसून घ्या."